सुकटीचा वास, चौदावा मजला आणि कार्बन फिल्टर : सात महिने वापरून लिहितेय

घरात सुकट, म्हणजे सुकी मच्छी, भाजतानाचा वास शेजाऱ्यांकडे जाऊ नये म्हणून काय घेतलं ते आधी सांगते. सहा इंची इनलाइन फॅन (पाइपच्या मध्येच बसतो तो), त्याच मापाचा कार्बन फिल्टर (वास अडवणारा कोळशाचा डबा), दहा फूट ॲल्युमिनियमचा फ्लेक्सिबल डक्ट आणि चार क्लॅम्प. फॅन-फिल्टरचे मिळून साडेनऊ हजार गेले. डक्ट आणि क्लॅम्प लोहार चाळीतून आणले, त्याचे नऊशे, वायरमनचे सहाशे. घेतलं फेब्रुवारीत, आता ऑगस्ट संपत आला, म्हणजे उन्हाळा आणि पावसाळा दोन्हीतून काढलंय. म्हणूनच लिहितेय, कारण घ्यायच्या आधी मी जे जे वाचलं त्यात कोणी पावसाळ्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता, आणि मुंबईत तोच मुख्य मुद्दा आहे.

आमचं मूळ घर परळच्या चाळीत. तिथे जवळा भाजला तर वास गॅलरीतून वाऱ्याबरोबर निघून जायचा, आणि नाही गेला तरी शेजारच्या खोलीत तेच भाजलं जात असायचं, मग कोण कोणाला बोलणार. रिडेव्हलपमेंट झालं, टॉवर झाला, आम्ही चौदाव्या मजल्यावर आलो. मी घरून मालवणी जेवणाच्या ऑर्डरी घेते, त्यात सोड्यांची खिचडी, जवळ्याची चटणी आणि सुक्या बोंबलाचं कालवण जास्त जातं. पूर्ण शाकाहारी घर समोरच, दारासमोर दार. भाभी स्वभावाने फार चांगल्या, तीन वर्षांत एकदाही तक्रार केली नाही. पण जानेवारीत त्यांच्या सुनेला दुसरा महिना लागला होता, आणि एक दिवस मी बोंबील भाजत असताना ती लॉबीत लिफ्टची वाट बघत उभी होती ती तोंडावर ओढणी दाबून तशीच आत पळाली. मला फार लागलं ते. कोणी भांडायला आलं असतं तर मीही चार शब्द बोलले असते, पण इथे कोणी काही बोललंच नाही. त्या रात्री ठरवलं की ह्याचं काहीतरी करायचं, आणि धंदाही बंद नाही करायचा.

आधी काय काय केलं तेही सांगते, म्हणजे तुमचे पैसे वाचतील. कापूर, धूप, अगरबत्ती, रूम फ्रेशनर, सगळं झालं. वास जात नाही, बोंबील अधिक मोगरा असा तिसराच काहीतरी वास तयार होतो आणि तो जास्त वाईट. साधा एक्झॉस्ट फॅन होता, त्याने तर उलटं झालं. आमच्या किचनची खिडकी बिल्डिंगच्या डक्टकडे, म्हणजे आतल्या उभ्या मोकळ्या बोळाकडे उघडते, त्याच डक्टमध्ये सगळ्या घरांच्या बाथरूमच्या खिडक्या, म्हणजे मी वास बाहेर फेकत नव्हते, खालच्या-वरच्या आठ-दहा घरांत वाटत होते. चिमणीचा पाइपही तिथेच सोडलेला. एका दुकानदाराने ओझोन मशीन गळ्यात मारायचा प्रयत्न केला, की ताई लावा आणि विसरून जा. अजिबात घेऊ नका. वास मारण्याइतका ओझोन खोलीत झाला की तो फुप्फुसांनाही त्रास देतो, माणसं राहतात त्या घरात ते चालवायची वस्तूच नाही, आणि माझ्या घरात सासूबाई दम्याच्या.

कार्बन फिल्टर सुचवला माझ्या भाच्याने. तो टोरांटोला असतो. कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून गांजा कायदेशीर आहे आणि त्याच्या प्रांतात एका घराला चार झाडं लावता येतात, त्याच्या घरमालकाने बेसमेंटमध्ये लावलीत. फुलोरा आला की त्या झाडांना इतका भयंकर वास सुटतो म्हणे की तीन घरं सोडून कळतं, त्यात टर्पीन नावाची तेलं असतात, आणि २०२१ मध्ये संशोधकांनी दाखवलं की तो खास उग्र भपका गंधकाच्या काही संयुगांमुळे येतो, आणि ती अगदी किंचित असली तरी नाकाला कळतात. मग तिकडचे लोक घरात झाडं वाढवायच्या बंद तंबूत वरच्या बाजूला हा फिल्टर टांगतात, त्याला फॅन जोडतात आणि तंबूतली हवा कोळशातूनच बाहेर जाईल असं करतात. भाचा म्हणाला, मावशी, तो वास अडतो तर तुझा बोंबील का नाही अडणार. मला पटलं. (आपल्याकडे परवान्याशिवाय हे झाड लावणं १९८५ च्या अमली पदार्थांच्या (एनडीपीएस) कायद्याने गुन्हा आहे, घरातलं एक रोपटंसुद्धा, तेव्हा इथे मी फक्त फिल्टरबद्दल लिहितेय.) फिल्टरच्या खोक्यावर मात्र गांजाचं पान मोठ्ठं छापलेलं, खाली वॉचमनने दोनदा वळून पाहिलं, मी खोकं तिथेच उघडून आतला डबा दाखवला आणि वर आणला.

आता हे चालतं कसं. आत असतो ॲक्टिव्हेटेड कार्बन, बहुतेक वेळा नारळाच्या करवंटीचा कोळसा, त्याला प्रचंड तापवून वाफेने इतकी बारीक बारीक भोकं पाडलेली असतात की एक ग्रॅम कोळशाचा आतला पृष्ठभाग साधारण हजार चौरस मीटर भरतो. म्हणजे चारशे स्क्वेअर फुटांची सव्वीस-सत्तावीस घरं, एका ग्रॅममध्ये! वासाचे कण त्या भोकांच्या भिंतींना चिकटतात आणि साफ झालेली हवा पुढे जाते. झाकणं-बिकणं नाही, वास खरोखर अडकतो, त्यामुळे पहिल्या दिवशी मला विश्वासच बसेना.

पण पहिला दिवस उजाडायच्या आधीचे दोन दिवस वाया गेले. वायरमनने फॅन उलटा बसवला. फॅनच्या बॉडीवर बाण असतो, हवा कुठून कुठे जाते त्याचा, तो बघितलाच नाही त्याने. फॅन खिडकीकडून हवा ओढून फिल्टरमधून किचनमध्ये फेकायला लागला आणि नव्या फिल्टरमधली सगळी काळी पूड ओट्यावर. मी तांदळाच्या भाकरीचं पीठ मळून ठेवलं होतं, त्यावर तीळ भुरभुरावेत तसे काळे कण. सगळं पीठ टाकलं. तर दोन गोष्टी लक्षात ठेवा, फिल्टर नवा असताना गच्चीत नेऊन हाताने थापटून पूड झाडून घ्या, आणि बसवताना क्रम असा, आधी फिल्टर, मग फॅन, मग डक्ट, मग खिडकी. फॅनने हवा फिल्टरमधून ओढायची. डक्ट जितका आखूड आणि सरळ तितकं बरं, प्रत्येक वळणाला हवा कमी होते.

मापाचं म्हणाल तर माझं किचन आठ बाय सात, उंची नऊ, म्हणजे ५०४ घनफूट. फॅनवर मिनिटाला ४०० घनफूट लिहिलंय पण फिल्टर आणि डक्ट जोडल्यावर तेवढं मिळत नाही, तरीही दोनेक मिनिटांत सगळी हवा बदलत असावी असा माझा अंदाज. स्पीड फुल ठेवू नका, आवाज होतो आणि हवा कोळशातून घाईघाईने निघून जाते, मी मधल्या स्पीडवर ठेवते. टांगायला साखळीऐवजी रबराचे पट्टे वापरले, त्याने भिंतीतून येणारी घरघर गेली. साठ वॉटचा फॅन, दिवसाला दोन तास, महिन्याला साडेतीन युनिट, बिलात कळतसुद्धा नाही.

खरी गंमत दाराच्या फटीत आहे. किचनमधली हवा बाहेर ओढली जाते म्हणून बाहेरची हवा आत यायला बघते, मग वास लॉबीत जायची वाटच बंद. मी अगरबत्ती पेटवून मेन दाराच्या खालच्या फटीशी धरली. फॅन बंद असताना धूर सरळ वर. फॅन चालू केला, पाच-सहा सेकंद काही नाही, मग धुराची ती रेघ हळूच वाकली आणि आमच्या पायांकडे, घराच्या आत वळली. सासूबाई बघत होत्या, म्हणाल्या, आता घर वास घेतंय, सोडत नाही. हे झालं की समजा बसवणं बरोबर आहे. एक मात्र नीट ऐका, घरात गॅस गीझर असेल तर हे करू नका किंवा आधी जाणकाराला दाखवा, कारण तीच ओढ गीझरचा धूरही घरात खेचू शकते आणि त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नसतो, माणूस झोपल्या जागी जातो. आमचा गीझर विजेचा आहे, तरी मी हॉलची खिडकी चार बोटं उघडी ठेवते.

मार्च ते मे, मी ह्याला पाचपैकी पाच दिले असते. मार्चमध्ये किलोभर जवळा भाजला आणि भाभींना फोन केला, भाभी, वास येतोय का खरं सांगा. त्या दार उघडून लॉबीत आल्या, उभ्या राहिल्या, म्हणाल्या, ताई, कशाचा वास? मालवणी मसाल्याच्या मिरच्या भाजल्या एप्रिलमध्ये, खाट (तिखट धूर) सुटली की एरवी मजलाभर ठसका लागतो, ह्या वेळी फक्त मी एकटी खोकले. कच्चे मासे साफ करतानाचा जो हिवस वास असतो त्यावर मात्र हा तितका चालत नाही. तो ट्रायमिथाइलअमाइनचा वास, मासा शिळा होत जातो तसा वाढतो, आणि साधा कोळसा त्याला घट्ट धरत नाही. त्याला आपलं आंबटच बरं, आंबटाने तो बांधला जातो आणि हवेत उडत नाही, कोकमाचं आगळ किंवा लिंबू, पाटा-सुरी-हात सगळं त्याने धुवायचं, आपल्या आया हेच करत आल्या.

आणि मग जून लागला. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, म्हणजे ताजी मच्छी कमी आणि महाग, आणि सगळ्यांना सुकट हवी. वेसाव्याला वलांडीवर (मासे वाळत घालायच्या बांबू-दोऱ्यांच्या मांडवावर) वाळलेले बोंबील ह्याच दिवसांसाठी तर भरून ठेवतो आपण. माझ्या ऑर्डरी दुप्पट झाल्या आणि नेमका फिल्टर ढेपाळला. कारण सोपं आहे, हवेत दमटपणा सत्तर टक्क्यांच्या वर गेला की पाण्याची वाफ कोळशाच्या भोकांत जाऊन बसते आणि वासाला जागा उरत नाही. पावसाळ्यात मुंबईत ऐंशी-नव्वद टक्के तर रोजचंच, वर माझ्या भाताच्या कुकरची वाफ. मी फिल्टर खाली काढून रद्दीवाल्याच्या ताणकाट्यावर लावला, फेब्रुवारीत चार किलो दोनशे होता, जुलैत पाच किलो शंभर. हात लावला तर बाहेरची पांढरी जाळी ओलसर, चिकट, तळणाच्या तेलाने पिवळी पडलेली. तेल हा दुसरा शत्रू. ती जाळी धुता येते, कोळसा नाही. मला दुकानात सांगितलं होतं की महिन्यातून एकदा पाण्याने धुवा, ते साफ चुकीचं. उन्हात ठेवून थोडी वाफ उडते, पण अडकलेला वास नि तेल निघत नाही, कारखान्यात कोळसा पुन्हा ताजा करायला आठशे डिग्रीच्या आसपास तापवतात.

जुलैत मी काय बदललं. वाफेचे पदार्थ आधी करून घ्यायचे, तेव्हा चिमणी चालू, फिल्टरचा फॅन बंद. किचन पुसून कोरडं झालं की मग सुकट भाजायची आणि त्याच्या दहा मिनिटं आधी फॅन लावायचा, नंतर तासभर चालू. तळण त्या दिवशी नाहीच. सुकट तव्यावर उघडी न भाजता जाड बुडाच्या टोपात झाकण तिरकं ठेवून. एवढं केल्यावर साठ-सत्तर टक्के वास अडतो असं माझं नाक सांगतं, उन्हाळ्यासारखं नाही.

तर ज्यांच्या घरी आठवड्यातून एकदा मच्छी होते त्यांना ह्याची गरज नाही, चांगली चिमणी आणि कोकम पुरे. माझ्यासारखं रोजचं काम असेल तर जरूर घ्या, पण रिफिल होणारा बघा, माझा सीलबंद आहे, संपला की अख्खा टाकायचा, ती चूक मी परत करणार नाही. तिकडे झाडांच्या तंबूत हे वर्ष-दीड वर्ष टिकतात असं भाचा सांगतो, माझ्या किचनमध्ये सात महिन्यांत निम्मा मेलाय. सध्या पाचपैकी साडेतीन.

नवा आत्ता लावत नाही, पावसात लावून दोन महिन्यांत तोही भिजवायचा नाही, ऑक्टोबरात हवा कोरडी झाली की लावीन. भाभींच्या सुनेला मागच्या आठवड्यात मुलगी झाली, दोघी घरीच असतात, दार सारखं उघडं-बंद. भाभींशी बोलून ठेवलंय, मंगळवारी अकरा वाजता बाळाला डॉक्टरकडे नेतात, तेव्हा मी सोडे भाजते.