खडेबाजारात दुरुस्त झालेला आमचा १९७१ चा रेडिओ

बेळगावच्या खडेबाजारातील एका लहान दुकानात आमच्या घरचा जुना मर्फी व्हॉल्व्ह रेडिओ (म्हणजे ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या नळ्यांवर चालणारा) नुकताच दुरुस्त करून घेतला. हा रेडिओ आमच्या घरात काय होता, हे सांगितल्याशिवाय त्या कामाचे मोल कळणार नाही.

डिसेंबर १९७१ च्या भारत-पाकिस्तान युद्धात आमचे धाकटे काका मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या, म्हणजे जंगी पलटणीत पूर्व आघाडीवर होते. त्यांच्या पत्रांवर ठिकाण नसे, फक्त ‘मार्फत ९९ एपीओ’ (लष्करी टपाल कार्यालय) एवढेच असे. त्यामुळे ते कुठे असतील याचा अंदाज आजोबा दिल्लीहून येणाऱ्या मराठी बातम्यांवरूनच बांधत. ३ डिसेंबरच्या मध्यरात्रीनंतर इंदिरा गांधींचे भाषण ऐकण्यासाठी आम्हा मुलांनाही उठवले होते. पुढचे १३ दिवस बातम्यांच्या वेळी सारी गल्ली आमच्या सोप्यात जमे, आज्जी हातातले काम टाकून उंबऱ्याशी येऊन बसे आणि आम्हाला कुजबुजण्याचीही मुभा नसे. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांच्या मदतीसाठी तेव्हा पाकिटावर ५ पैशांचे जादा तिकीट लागे. मुंबईच्या आत्याच्या पत्रावर ते चिकटवणे, एवढाच माझा युद्धातला वाटा होता. जंगी पलटण पूर्व पाकिस्तानातल्या, म्हणजे आजच्या बांगलादेशातल्या जमालपूरला लढली, हे आम्हाला काका सुट्टीवर आल्यावरच कळले.

असा रेडिओ कोणाच्या हाती द्यावा, हा प्रश्न होता. दुसऱ्या एका दुकानात आतले सगळे काढून ब्लूटूथ बसवण्याचा सल्ला मिळाला होता. खडेबाजारातील कारागिरांनी मात्र चालू असलेले व्हॉल्व्ह तसेच ठेवले, सुकलेले कंडेन्सर आणि डायलची तुटलेली दोरी बदलली व बँडचा स्विच साफ केला. आता व्हॉल्व्ह तापेपर्यंत पूर्वीसारखेच थोडे थांबावे लागते, मग तोच भारदस्त, घुमणारा आवाज येतो. नवीन रेडिओत तो मला कधीच मिळाला नाही. रात्री मीडियम वेव्हवर दूरची केंद्रेही लागतात. काकांनी, आज वय झाले असूनही, बराच वेळ स्वतः काटा फिरवून पाहिला.

एक व्हॉल्व्ह मिळवण्यात वेळ गेला, त्याबद्दल तक्रार नाही. स्पीकरवरचे विटलेले कापड मात्र आम्हाला न विचारता बदलले, हे योग्य झाले नाही. मागितल्यावर त्यांनी ते शोधून परत दिले. घरातला असा रेडिओ तेथे अवश्य न्यावा, पण कोणत्या गोष्टीला हात लावायचा नाही, हे आधी लिहून द्यावे.