फ्रेंच शिकण्यासाठी द्विभाषिक पुस्तके आणि त्यांचा ऑडिओ : वर्षभराच्या वापरानंतर

फ्रेंचच्या ज्या द्विभाषिक पुस्तकावर मी जवळजवळ वर्षभर अभ्यास केला, त्याचा ऑडिओ गेल्या महिन्यात अचानक बंद झाला. मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूस एक खरवडायची पट्टी होती आणि तिच्याखालचा क्रमांक प्रकाशकाच्या संकेतस्थळावर भरला की धडे ऐकता येत असत. आता तोच क्रमांक भरला की मुदत संपल्याचा निरोप येतो. मी ग्राहक सेवेला लिहिले, पावतीचे छायाचित्र पाठवले, पुन्हा लिहिले. उत्तर एकच आले : क्रमांक ठरावीक काळच चालतो, पुढे ऐकायचे असल्यास नवी प्रत घ्यावी. ही अट पुस्तकात छापलेली आहे हे मान्य आहे, पण ती मलपृष्ठाच्या आत, बारीक अक्षरांत आणि केवळ फ्रेंचमध्ये आहे. ज्याला अजून फ्रेंच येत नाही त्याच्यासाठी काढलेल्या पुस्तकात असे करणे मला अन्यायाचे वाटते. नवी प्रत मी घेणार नाही. मात्र या निमित्ताने आजवर वापरलेल्या सगळ्याच साहित्याचा पुन्हा विचार झाला, तो इथे मांडत आहे.

ऑडिओचा एवढा आग्रह का, हे आधी सांगायला हवे. कागदावरची फ्रेंच आणि कानावर पडणारी फ्रेंच यांत फार अंतर आहे. ‘बोलणे’ या क्रियापदाची मी, तू, तो आणि ते यांच्याबरोबरची वर्तमानकाळातली रूपे तीन प्रकारे लिहिली जातात, पण ऐकू येते ते चारही वेळा ‘पार्ल’ एवढेच. अनेकवचनाचा शेवटचा ‘एस’ सहसा उच्चारला जात नाही, त्यामुळे पुस्तक एक आहे की अनेक, हे आधीच्या ‘ल’ किंवा ‘ले’ या उपपदावरून ओळखावे लागते. ‘त्यांच्याजवळ आहे’ म्हणजे ‘इल झों’ आणि ‘ते आहेत’ म्हणजे ‘इल सों’. फरक फक्त ‘झरा’तल्या झचा आणि सचा. हे डोळ्यांनी शिकता येत नाही. म्हणून नवशिक्याने द्विभाषिक पुस्तक निवडताना भाषांतर कसे आहे हे नंतर पाहावे. ऑडिओ कसा आहे, तो किती तुकड्यांत आहे आणि तो कायमचा आपल्या हाती राहणार आहे का, हे आधी पाहावे.

माझा सर्वांत मोठा आक्षेप ऑडिओमध्ये मिसळलेल्या इंग्रजीवर आहे. पुस्तक आणि ऑडिओ मिळून असलेल्या अनेक संचांत आधी फ्रेंच वाक्य, मग त्याचे इंग्रजी भाषांतर, मग पुन्हा फ्रेंच वाक्य अशी रचना असते. पहिल्या आठवड्यात ती सोयीची वाटते, कारण पुस्तक न उघडता बसमध्ये ऐकता येते. परंतु थोड्याच काळात कान फ्रेंचकडे दुर्लक्ष करून इंग्रजीची वाट पाहू लागतो, आणि धडा दहाव्यांदा ऐकायचा झाला तर तीच इंग्रजी वाक्येही दहाव्यांदा ऐकावी लागतात. जवळजवळ एक तृतीयांश वेळ अशा भाषेत जातो जी आपल्याला आधीच येते. मी शेवटी एका मोफत संगणक प्रणालीच्या साहाय्याने या फायलींतले इंग्रजी कापून टाकले. काम किचकट होते, पण त्यानंतर तोच संच तिप्पट उपयोगी झाला. ज्या संचात फक्त फ्रेंच आहे आणि प्रत्येक धड्याची वेगळी फाईल आहे, तो थोडा महाग असला तरी घ्यावा, असे माझे ठाम मत आहे.

या दृष्टीने डाव्या पानावर फ्रेंच आणि उजव्या पानावर भाषांतर ही जुनी पद्धत अजूनही चांगली आहे. अल्फाँस शेरेल यांनी 1929 साली सुरू केलेल्या आसिमिल या फ्रेंच प्रकाशनसंस्थेने ती रूढ केली. तिच्या अभ्यासक्रमांत रोज एक छोटा संवाद असतो, ऑडिओत फक्त शिकायची भाषा असते, आणि पन्नासाव्या धड्यापासून विद्यार्थ्याने पहिल्या धड्याकडे परत येऊन भाषांतरावरून मूळ वाक्य स्वतः तयार करायचे असते. सुरुवातीला समोरासमोरच्या पानांबद्दल माझे मत प्रतिकूल होते, कारण नजर सारखी उजवीकडे जाते. हा दुसरा फेरा सुरू झाल्यावर ते मत बदलले. उजवे पान हे खरे तर त्या फेऱ्यासाठीच आहे. तोपर्यंत आधी पुस्तक मिटून ऐकावे, मग डावे पान वाचावे आणि अडले तरच उजवीकडे पाहावे.

ऑडिओच्या वेगाबाबतही मत बदलले, पण उलट दिशेने. संथ आवाज मला आरंभी फार आवडत असे. मात्र संथ उच्चारात शब्द सुटे होतात आणि त्यांना जोडणारे ध्वनी गळतात. ‘मला माहीत नाही’ हे वाक्य धड्यात ‘ज न से पा’ असे चार स्वच्छ तुकड्यांत येते. बोलताना त्याचे ‘शे पा’ होते. पहिल्या काही धड्यांपुरता संथ वेग ठीक आहे, पण पुढेही वेग वाढत नसेल तर त्या संचावर पैसे घालवू नयेत.

कथांच्या द्विभाषिक आवृत्त्यांविषयी थोडक्यात. नवशिक्यांना बहुतेक जण 1943 सालचे ‘ल पती प्रँस’ (छोटा राजपुत्र) हे कथापुस्तक सुचवतात. पुस्तक सुंदर आहे, पण त्यात निवेदनासाठी जो साहित्यिक भूतकाळ वापरला आहे तो रोजच्या बोलण्यात जवळजवळ येत नाही आणि प्राथमिक वर्गात शिकवलाही जात नाही. मोपासाँ या एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच लेखकाच्या कथांनाही हेच लागू आहे, मात्र त्या स्वामित्वहक्कातून मुक्त असल्याने लिब्रिव्हॉक्स या ध्वनिपुस्तकांच्या संकेतस्थळावर त्यांची वाचने मोफत मिळतात. वाचणारे स्वयंसेवक असतात, त्यामुळे आधी काही मिनिटे ऐकून आवाज निवडावा. पहिल्या वर्षी मात्र ए-वन या सर्वांत प्राथमिक पातळीसाठी लिहिलेल्या छोट्या कथाच बऱ्या.

मोफत साहित्यात टीव्ही-सँक-मोंद या वाहिनीच्या संकेतस्थळावरचे ए-वन पातळीचे सराव मला सर्वांत उपयोगी पडले. रेडिओ फ्रान्स आंतरराष्ट्रीयचे सोप्या फ्रेंचमधले दहा मिनिटांचे बातमीपत्र लिखित संहितेसह मिळते, पण ‘सोप्या’ या शब्दावर विसंबू नये. ते मधल्या पातळीचे आहे.

आता मराठी माणसाच्या एका खऱ्या अडचणीविषयी. बाजारात सहज मिळणारी पुस्तके फ्रेंच-इंग्रजी असतात आणि इंग्रजी पान ‘तू’ व ‘तुम्ही’ हा भेदच पुसून टाकते. फ्रेंचमध्ये ‘त्यू’ आणि ‘व्हू’ हा भेद अगदी मूलभूत आहे आणि तो आपल्याला जन्मापासून येतो. म्हणून मी उजव्या पानाच्या समासात पेन्सिलीने मराठी वाक्य लिहू लागलो. त्याचा फायदा अपेक्षेपेक्षा फार मोठा झाला, कारण नामांची लिंगे पाठ करणे, विशेषणाने त्याप्रमाणे बदलणे यांपैकी काहीही मराठी मनाला परके नाही. संख्यांबाबतही तसेच आहे. फ्रान्समध्ये सत्तर म्हणजे साठ-दहा आणि ऐंशी म्हणजे चार-वीस, याची इंग्रजी भाषकांना मोठी धास्ती असते. आपण मात्र एकोणऐंशी, त्र्याहत्तर असे शंभरापर्यंतचे शब्द एकेक करून पाठ केलेले आहेत, त्यामुळे हिशेब न करता ध्वनीच पाठ करावा हे आपल्याला लवकर उमगते. तिथे दूरध्वनी क्रमांक दोन-दोन अंकांच्या जोड्यांत सांगतात, तेव्हा या सरावाची कसोटी लागते. देल्फ या फ्रेंच भाषेच्या प्रमाणपत्राच्या ए-वन परीक्षेतही ऐकण्याला 100 पैकी 25 गुण आहेत, आणि एकूण 50 गुण मिळाले तरी प्रत्येक विभागात किमान 5 असल्याशिवाय उत्तीर्ण होता येत नाही.

पैशांविषयी सांगायचे तर आयात केलेला पूर्ण संच बराच महाग पडतो, आणि भारतात छापलेली आवृत्ती निघाली असेल तर ती घ्यावी. पानांचा कागद हलका असला तरी मजकूर तोच असतो. ऑडिओ संकेतस्थळावर असेल तर पहिल्याच दिवशी सगळ्या फायली उतरवून घ्याव्यात, आणि उतरवण्याची सोयच नसेल तर ते पुस्तक घेऊ नये. पुण्यात अप्पा बळवंत चौकात किंवा इतरत्र जुनी प्रत घेताना पट्टी आधीच खरवडलेली नाही ना, हे पाहावे. जुन्या प्रतीबरोबर सीडी मिळत असेल तर तीच प्रत निवडावी, कारण सीडीला मुदत नसते. लॅपटॉपला सीडीचा खण नसला तरी बाहेरून जोडायचे यंत्र मिळते आणि सगळे धडे एका बैठकीत फोनवर घेता येतात.