शिकाऊ हॅमसाठी हातातला संच: आठ महिन्यांच्या वापरानंतर

हॅम म्हणजे हौशी रेडिओचालक. त्यासाठीचा रिस्ट्रिक्टेड (सुरुवातीच्या) दर्जाचा परवाना मिळाल्यावर मी घेतलेला बिनतारी संच दोन वारंवारता-पट्ट्यांचा, पाच वॉटचा आणि अडीच हजारांच्या आतला आहे. त्याचे नाव मुद्दामच घेत नाही, कारण या किमतीचे बाजारातील बरेचसे संच वापरायला जवळपास सारखेच असतात. किमतीच्या मानाने रेडिओ उत्तम आहे. मात्र तो चालवायला शिकणे हे वेगळेच प्रकरण आहे.

खरी परीक्षा रिपीटरची. रिपीटर, म्हणजे आपला आवाज पकडून तो पुन्हा दूरवर पाठवणारे यंत्र, एका वारंवारतेवर ऐकतो आणि दुसरीवर बोलतो. 144 ते 146 मेगाहर्ट्झच्या पट्टीत या दोहोंतले अंतर सहसा 600 किलोहर्ट्झ असते, शिवाय पुष्कळ रिपीटर आपल्या आवाजाखाली ठरावीक मंद टोन असल्याखेरीज जागेच होत नाहीत. संचात हा टोन पाठवण्याचा मेनू वेगळा आणि येणाऱ्या आवाजात तो तपासण्याचा वेगळा, पण इवल्याशा पडद्यावर दोघांच्या नावांत फरक काय तो पहिल्या अक्षराचा. मी टोन नेमका दुसऱ्या मेनूत भरला. त्यामुळे माझा आवाज रिपीटर उचलेना आणि मलाही काही ऐकू येईना. विक्रेत्याला फोन केला, तर ‘बॅटरी काढून पुन्हा लावा’ एवढेच उत्तर मिळाले. अखेर नाशिकच्या पंचवटीतील एका जुन्या हॅम काकांनी संच हातात घेतला, दोन कळा दाबल्या आणि म्हणाले, “अहो, रेडिओ ठणठणीत आहे, तुम्हीच त्याचे कान बंद केलेत.”

सोबत येणारा रबरी अँटेना मात्र खरोखरच सुमार आहे. इंदिरानगरातील माझ्या तिसऱ्या मजल्यावरून काकांना माझे निम्मे शब्दच पोहोचत. या लहरी साधारण नजर जाते तिथवरच जातात, त्यामुळे तोच संच पांडवलेणीच्या पायऱ्या चढून वर नेल्यावर त्यांना माझा प्रत्येक शब्द स्वच्छ ऐकू आला. काकांच्याच सांगण्यावरून अँटेनाच्या बुडाशी असलेल्या धातूच्या कडीला सुमारे 50 सेंटिमीटर लांबीची, म्हणजे लहरीच्या पाव लांबीएवढी, तार जोडून खाली लोंबती सोडली. घरातूनही बरा फरक पडला. तार दिसायला विचित्र आहे, आणि लिफ्टमध्ये लोक निरखून बघतात.

वाहिन्या कळपाटीवरून साठवण्याचा अट्टहास सोडावा. केबल घेऊन ‘चर्प’ या मोफत प्रणालीतून संगणकावर भराव्यात. त्यातही सावध राहावे लागते. हा संच 136 ते 174 मेगाहर्ट्झपर्यंत कुठेही प्रक्षेपण करतो, तर या पट्ट्यात आपल्याला मुभा केवळ 144 ते 146 ची आहे. एकदा बॅगेत कळ दाबली जाऊन वारंवारता भलतीकडेच सरकली होती. नशिबाने बोलण्याआधी पडद्याकडे लक्ष गेले. तेव्हापासून हॅशची कळ दाबून धरून कळपाटी बंद केल्याखेरीज मी संच बॅगेत टाकत नाही.