मिनिफोर्ज: लिंकिंगच्या भांडणातून सुटका

उजनी धरणातून भीमेत पाणी सोडलं आणि वाटेत नरसिंहपूरला नीरेतून वीर धरणाचंही पाणी येऊन मिळालं, तर पंढरपूरच्या घाटावर पातळी कधी आणि किती चढेल? हे गणित करणारा आमच्या सरांचा जुना फोरट्रान कोड मी सोलापुरात आमच्या लॅबमध्ये चालवते. एफटूपीवाय या साधनाने तो पायथनला जोडलाय. काळाच्या प्रत्येक पावलाला समीकरणं सोडवायला लॅपॅक या गणिती लायब्ररीचं डीजीबीएसव्ही हे फंक्शन लागतं. तो बिघडला तेव्हा मिनिफोर्जने कसं वाचवलं, त्याची ही गोष्ट.

आषाढी तोंडावर आली असताना हा कोड बिघडला. कंपाइल व्हायचा, लिंक व्हायचा (म्हणजे बाहेरच्या लायब्ररींशी जोडला जायचा), एक वॉर्निंग नाही. चालवला की एकदा बरोबर पातळी, पुढच्या वेळी सेगमेंटेशन फॉल्ट, म्हणजे चुकीच्या मेमरीला हात लागून प्रोग्राम बंद. इनपुट तेच! तीन रात्री मी सरांच्या कोडमध्येच चूक शोधत होते, याचं अजून वाईट वाटतं.

चौथ्या दिवशी बिल्डमधून तयार झालेल्या एसओ फाइलवर (पायथन लोड करतो ती लायब्ररी) एलडीडी चालवलं; कोणती लायब्ररी कुठून येते ते ही कमांड दाखवते. ओपनब्लास (मॅट्रिक्सच्या मूळ क्रियांची, म्हणजे ब्लासची, आणि लॅपॅकची फंक्शनं देणारी लायब्ररी) भलत्याच फोल्डरमधून येत होतं. त्या मशीनवर पूर्वी कुणीतरी ६४ बिट पूर्णांकांचं ओपनब्लास बांधलं होतं, फंक्शनच्या नावांना वेगळं शेपूट न लावता, आणि बॅशआरसीत (टर्मिनल उघडताच चालणाऱ्या फाइलीत) एलडी लायब्ररी पाथ, म्हणजे लायब्ररी कुठे शोधायच्या ती यादी, तिकडे वळवून ठेवला होता. माझ्या फोरट्रानचा पूर्णांक ४ बाइटचा. ही लायब्ररी त्याच पत्त्यावरून ८ बाइट वाचणार. शेजारचे ४ बाइट शून्य असले तर उत्तर बरोबर, नाहीतर मॅट्रिक्सचा आकार अब्जांत. लिंकर फक्त नाव जुळवतो, पूर्णांकाची रुंदी त्याला दिसतच नाही.

तेव्हा मिनिफोर्ज घेतलं. कॉन्डा-फोर्ज या पॅकेज-संग्रहाच्या मंडळींनी बनवलेला हा मोफत इन्स्टॉलर. नवीन एन्व्हायर्नमेंटमध्ये (स्वतःच्या लायब्ररी असलेल्या वेगळ्या फोल्डरमध्ये) नमपाय, कंपायलर्स, मेसन आणि निंजा ही बिल्डची साधनं, लिबब्लास, लिबलॅपॅक एकदमच टाकलं आणि कोड पुन्हा बांधला. एन्व्हायर्नमेंट अ‍ॅक्टिव्हेट केलं की लिंकरचे फ्लॅग आपोआप लागतात. त्यात आरपाथ (फाइलीतच लिहिलेला लायब्ररीचा पत्ता) जुन्या पद्धतीने लिहिला जातो, म्हणून लायब्ररी शोधताना तो एलडी लायब्ररी पाथच्याही आधी बघितला जातो. खात्रीसाठी बॅशआरसी तशीच ठेवून पाहिली. एलडीडीत एन्व्हायर्नमेंटचीच लायब्ररी आली, आणि रात्रभर चालवूनही कोड एकदाही पडला नाही.

मला सगळ्यात आवडलं ते ब्लास बदलणं. कॉन्डा-फोर्जची पॅकेजेस नेटलिबच्या (ब्लास-लॅपॅकच्या मूळ आवृत्तीच्या) इंटरफेसवर बांधलेली असतात, त्यामुळे एका कमांडने ओपनब्लासच्या जागी इंटेलचं एमकेएल येतं, काही पुन्हा कंपाइल न करता. दोन्हींवर तोच पूर चालवला. पातळी मिलिमीटरपर्यंत जुळली. सरांना आकडे दाखवताना पहिल्यांदाच छातीत धडधडलं नाही.

अडचणी आहेत. दोन-चार एन्व्हायर्नमेंट केली की डिस्कवरचे कित्येक जीबी जातात. बांधलेली एसओ फाइल उचलून दुसऱ्या मशीनवर नेता येत नाही, आरपाथ त्या फोल्डरलाच बांधलेला असतो. आणि एन्व्हायर्नमेंटच्या आत पिपने (पायथनच्या नेहमीच्या इन्स्टॉलरने) नमपाय टाकू नका: ते स्वतःचं ओपनब्लास बरोबर आणतं, मग एकाच प्रोसेसमध्ये दोन ब्लास, दोघांचे वेगवेगळे थ्रेड. शंका आली तर थ्रेडपूलसीटीएल हे पायथन पॅकेज चालवा, कोणकोणतं ब्लास लोड झालंय ते लगेच कळतं.

बॅशआरसीतली ती ओळ मी नंतर काढून टाकली. आता प्रत्येक बिल्डनंतर एलडीडीचं आउटपुट कोडशेजारीच जपून ठेवते.