फिश टँकच्या हीटरला लावायचा डिजिटल कंट्रोलर, वर्षभर वापरल्यावर

मागच्या डिसेंबरात माझ्या ६० लिटरच्या टँकमधला हीटर रात्रभर चालूच राहिला, आतल्या थर्मोस्टॅटचे (ठरलेल्या तापमानाला हीटर बंद करणारा स्विच) कॉन्टॅक्ट चिकटले होते, सकाळी पाहतो तर पाणी ३४ डिग्री अन् सगळे गप्पी वर येऊन तोंड उघडझाप करत होते, गरम पाण्यात ऑक्सिजन कमी राहतो नं. चार गेले. लय वाईट वाटलं. त्याच दिवशी नागपूरच्या सीताबर्डीतून हा कंट्रोलर आणला, नवीन हीटर पण घेतला.

हीटरचा प्लग कंट्रोलरमधे लावायचा, पाण्यातल्या सेन्सरवरून तापमान पाहून तो हीटर चालू-बंद करतो. सेटिंग सोपी आहे. हीटर २७ वर, कंट्रोलर २६ वर, म्हणजे एक अडकला तरी दुसरा बंद करतो. जानेवारीत रात्री बाहेर १० च्या खाली गेलं तरी टँक २५-२६ मधेच राहिला.

खराब काय तर सेन्सरचा सक्शन कप. एकदा निसटला, सेन्सर पाण्याबाहेर लोंबकळत होता, कंट्रोलरला वाटलं थंडी आहे अन् हीटर चालूच, २७ ला हीटर स्वतःहून कट झाला म्हणून मासे वाचले. आता केबल टायनं बांधलाय. वायरचा झोल सॉकेटच्या खाली ठेवा, ओघळलेलं पाणी प्लगात जात नाही. पाणी बदलायच्या १५-२० मिनिटं आधी हीटरचा प्लग काढा, गरम काच उघडी पडली की तडकते.

मे मधे कंट्रोलरच्याच कूलिंगच्या सॉकेटला छोटा पंखा लावला, आपल्याकडची हवा कोरडी, कूलरसारखंच काम होते, दोन-तीन डिग्री उतरतात पण रोज थोडं पाणी टाकावं लागते.