ब्रँडच्या डब्यात आर्डुइनो : टर्बो गाडीसाठी ईसीयू घेताना होणारी फसवणूक

गाडी जुनी, चार सिलिंडर, दीड लीटर पेट्रोल, मुळात टर्बो नसलेली. वर टर्बो बसवला, इंटरकूलर बसवला, इंजेक्टर मोठे घातले. आता हे सगळं सांभाळायला स्टँडअलोन ईसीयू हवा, म्हणजे मूळ कॉम्प्युटरऐवजी पेट्रोल आणि ठिणगी ठरवणारा स्वतंत्र कॉम्प्युटर. विकणाऱ्याने काळा ॲल्युमिनियमचा डबा दाखवला, वर नामांकित परदेशी कंपनीचं स्टिकर, "आठ इंजेक्टर, नॉक कंट्रोल, बूस्ट कंट्रोल, सगळं आहे". एक लाखाच्या वर रक्कम, निम्मा ॲडव्हान्स यूपीआयने, बिल नाही. बसवून दिला, गाडी सुरू झाली, चार दिवस झकास पळाली. तिसऱ्या आठवड्यात एका सिलिंडरचं कॉम्प्रेशन बाकीच्यांच्या निम्म्यावर आलं. इंजिन उघडलं तर पिस्टनच्या दोन रिंगांमधली कड तुटलेली आणि स्पार्क प्लगच्या पोर्सेलीनवर ॲल्युमिनियमचे बारीक ठिपके. डबा उघडला तर आत आर्डुइनो मेगा २५६० हा स्वस्त मायक्रोकंट्रोलर बोर्ड आणि त्यावर स्पीडुइनोचा बोर्ड.

स्पीडुइनो वाईट नाही, हे आधीच सांगायला हवं. तो खुला प्रकल्प आहे, त्याचे आराखडे आणि फर्मवेअर सगळ्यांना मोफत मिळतात, आणि मर्यादा ओळखून बसवला तर साधी टर्बो गाडी तो व्यवस्थित चालवतो. चोरी आहे ती काही हजारांचा बोर्ड दुसऱ्याच्या नावाने लाखाला विकण्यात, आणि जे त्यात नाही ते "आहे" म्हणून सांगण्यात. १६ मेगाहर्ट्झच्या त्या ८-बिट चिपच्या नेहमीच्या बोर्डावर चार इंजेक्टर आणि चार इग्निशन आउटपुट असतात. नॉक, म्हणजे पेट्रोल अवेळी स्फोटासारखं पेटून होणारी ठोक, सेन्सर थेट जोडून ऐकण्याची सोय नसते. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल चालवण्याची नसते. इग्निशन आउटपुट साध्या सिग्नलचे असतात, म्हणजे आत इग्नायटर (कॉइलचा करंट चालू-बंद करणारा स्विच) असलेली कॉइल किंवा बाहेरून इग्नायटर लागतोच. गाडी घडवणाऱ्याला यातलं काही ठाऊक नसेल तर तो नॉक कंट्रोल आहे असं समजून बूस्ट, म्हणजे टर्बोने चढवलेला हवेचा दाब, वाढवतो, आणि इंजिन ठोकत असताना ते ऐकणारं कोणीच नसतं.

हे पैसे देण्याआधी पाच मिनिटांत उघड होतं. लॅपटॉप न्या, डबा यूएसबीने जोडा आणि विंडोजचा डिव्हाइस मॅनेजर उघडा. "आर्डुइनो मेगा २५६०" किंवा "यूएसबी-सिरियल सीएच३४०" असं नाव आलं तर स्टिकरवर काहीही असो, आत काय आहे ते कळलं. मग ट्यूनरस्टुडिओ हे ट्यूनिंगचं सॉफ्टवेअर लावून फर्मवेअरची ओळख वाचा, स्पीडुइनो असेल तर स्वतःचं नाव तिथेच सांगतो. नामांकित कंपन्यांचे ईसीयू त्यांच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरला जोडले जातात आणि तिथे अनुक्रमांक व फर्मवेअरची आवृत्ती दिसते. तो अनुक्रमांक कंपनीला ईमेलने कळवून खात्री करून घ्या. विकणारा म्हणाला "केबल ट्यूनरकडेच असते", "मोबाइल ॲपवर बघा", किंवा बोर्डावर काळा एपॉक्सी ओतलेला आहे आणि "पाण्यापासून संरक्षण" असं उत्तर मिळालं, तर तिथून उठा. एपॉक्सी चांगले उत्पादकही ओततात, पण ते लॅपटॉप जोडायला नकार देत नाहीत.

मेगास्क्वर्ट या दुसऱ्या लोकप्रिय ईसीयूच्या नावानेही हेच चालतं. त्याचं फर्मवेअर खुलं दिसलं तरी खऱ्या हार्डवेअरपुरतंच वापरायची परवानगी असते. नकली बोर्डावर चढवलेलं फर्मवेअर आज चालेल, पण अडचण आली की उत्पादकाकडून मदत मिळणार नाही. मोटेक या कंपनीच्या एम१ मालिकेतल्या ईसीयूत हार्डवेअर वेगळं आणि फर्मवेअर पॅकेजचं लायसन्स वेगळं असतं. नुसता डबा स्वस्तात मिळाला म्हणून घेतला की लायसन्सचे पैसे पुन्हा मोजावे लागतात. सेकंड हँड ईसीयूत पासवर्डचा सापळा मोठा. आधीच्या ट्यूनरने मॅप (पेट्रोल आणि ठिणगीचे तक्ते) कुलूपबंद केलेला असतो आणि विकणाऱ्याला ते पक्कं ठाऊक असतं. त्याला समोर बसवून मॅप उघडायला सांगा, एक आकडा बदलून सेव्ह करायला सांगा, बॅटरी काढून पुन्हा लावा आणि तो आकडा टिकला का ते पाहा. ईसीयूला लागणारा कपलर (वायरिंगचा प्लग) वायरीच्या शेपटीसकट मिळतोय का तेही बघा. कापलेल्या कपलरच्या जोडीचा दुसरा परदेशातून मागवायचा तर आठवडे जातात.

आता वर सांगितलेल्या पिस्टनकडे. नकली डबा हे त्याचं निम्मं कारण. उरलेलं निम्मं बसवण्यात होतं, आणि "बसवून, ट्यून करून" या शब्दांसाठी घेतलेले पैसे हीसुद्धा फसवणूकच. ट्यून म्हणून इंटरनेटवरचा बेस मॅप टाकला होता. बेस मॅप इंजिन सुरू व्हावं एवढ्यापुरता असतो, त्यावर बूस्ट घ्यायचा नसतो.

पहिली चूक टायमिंगची. क्रँकवर ३६-१ दातांचं ट्रिगर व्हील बसवलं की सेन्सर आणि वरचा मृतबिंदू (पिस्टन सर्वांत वर असतानाची जागा) यांच्यातला कोन सॉफ्टवेअरमध्ये भरावा लागतो. तो अंदाजाने भरला होता, त्यामुळे पडद्यावर १८ अंश दिसत असताना प्रत्यक्षात ठिणगी मृतबिंदूच्या २६ अंश आधी पडत होती. तपासणी सोपी आहे. सॉफ्टवेअरमध्ये टायमिंग १० अंशांवर पक्कं करा, पुलीवर मृतबिंदूची आणि १० अंशांची खूण स्वतः मोजून रंगवा, साधी टायमिंग लाइट लावा. डायल फिरवणारी लाइट वेस्टेड स्पार्कवर (एक कॉइल एकाच वेळी दोन सिलिंडरांना ठिणगी देते त्या पद्धतीवर) दुप्पट आकडा दाखवू शकते, म्हणून साधीच घ्या. खूण जुळेपर्यंत कोन बदला. मग इंजिन ४,००० आरपीएमला नेऊन पुन्हा बघा. खूण सरकली तर व्हीआर सेन्सरच्या (दात ओळखणाऱ्या चुंबकी सेन्सरच्या) दोन वायरी उलट जोडल्या असण्याची शक्यता मोठी. हे काम तुमच्यासमोर न करता कोणी "ट्यून झाली" म्हणत असेल तर ट्यून झालेली नाही.

दुसरी चूक हवेच्या तापमानाच्या सेन्सरची. सेन्सर एका गाडीचा आणि सॉफ्टवेअरमध्ये तक्ता दुसऱ्याचा. इंटरकूलरमधून ६० अंशांची हवा येत असताना ईसीयूला ३५ दिसत होती, त्यामुळे गरम हवेसाठी ठिणगी जी मागे घ्यायला हवी ती घेतलीच जात नव्हती. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत सकाळी चावी फिरवा, इंजिन सुरू करू नका. हवेचा आणि कूलंटचा, दोन्ही आकडे घरातल्या थर्मामीटरशी जुळले पाहिजेत. मग सेन्सर काढून गरम पाण्यात थर्मामीटरसोबत धरा. दोन्ही टोकांना जुळला तरच तक्ता बरोबर.

त्याच वेळी मॅप सेन्सरही तपासून घ्या. हा मॅप म्हणजे वरचे तक्ते नव्हेत, मॅनिफोल्डमधला हवेचा दाब मोजणारा सेन्सर. इंजिन बंद, चावी चालू असताना तो तिथल्या हवेचा दाब दाखवतो : मुंबईत १०१ किलोपास्कलच्या आसपास, पुण्यात ९५, महाबळेश्वरला ८६. मोबाइलमधलं हवामानाचं ॲप पुण्यातही १०१० हेक्टोपास्कल दाखवतं कारण तो आकडा समुद्रसपाटीला आणलेला असतो, त्याच्याशी तुलना करू नका. पुण्यात ०.७ बार बूस्ट म्हणजे एकूण १६५ किलोपास्कल. बोर्डावरचा एमपीएक्स४२५० हा सेन्सर २५० पर्यंत वाचतो, तो इथे पुरतो. पण मूळ विनाटर्बो गाडीचा सेन्सर तसाच ठेवून "चालतंय की" म्हणणारे आहेत. तो कमाल आकड्याला अडकला की त्यापुढे बूस्ट कितीही चढो, ईसीयूला दिसत नाही आणि पेट्रोल वाढत नाही.

इंजेक्टरचा हिशोब स्वतः करा. २०० हॉर्सपॉवर, दर हॉर्सपॉवरला तासाला ०.६ पाउंड पेट्रोल, चार इंजेक्टर, ८० टक्के ड्यूटी (इंजेक्टर उघडा राहण्याचा वेळ) : २०० गुणिले ०.६ भागिले ३.२ म्हणजे प्रत्येक इंजेक्टरला तासाला ३७.५ पाउंड, सुमारे ३९५ सीसी दर मिनिटाला. मग ४४० चे घ्या. मल्टीमीटरने रोध मोजा. १२ ते १६ ओहम असेल तर बहुतेक ईसीयू ते थेट चालवतात. २-३ ओहमचे असतील तर बॅलास्ट रेझिस्टर किंवा खास ड्रायव्हर लागतो. ते न सांगता विकणाऱ्यांचा माल काही महिन्यांनी "तुमच्याच वायरिंगमुळे" जळतो. वाइडबँडसाठी, म्हणजे हवा-पेट्रोलचं प्रमाण मोठ्या पल्ल्यात मोजण्यासाठी, एलएसयू ४.९ सेन्सर आणि त्याचा कंट्रोलर हवाच. मूळ गाडीचा अरुंद पल्ल्याचा लॅम्डा सेन्सर बूस्टमध्ये काही उपयोगाचा नाही. पूर्ण बूस्टला लॅम्डा (हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचा आकडा, १ पेक्षा कमी म्हणजे पेट्रोल जास्त) ०.७८ ते ०.८२ दिसला पाहिजे, लॉगमध्ये, प्रत्येक आरपीएमला.

फोक्सवॅगनच्या टीएसआयसारख्या थेट इंजेक्शनच्या गाड्यांमध्ये फसवणुकीचा प्रकार वेगळा. त्यांचे इंजेक्टर उघडायला सुमारे ६५ व्होल्टचा झटका लागतो, जो साध्या स्टँडअलोन ईसीयूत नसतोच. शिवाय गिअरबॉक्स, एबीएस, क्लस्टर हे सगळे कॅनवरून (गाडीतल्या कॉम्प्युटरांच्या संवादाच्या वायरींवरून) मूळ ईसीयूशी बोलत असतात, चावी ओळखणारा इमोबिलायझर त्याच्याशी बांधलेला असतो. पोलो जीटी टीएसआयसाठी कोणी काही हजारांत "रेसिंग ईसीयू" देतो म्हणाला तर तो बहुधा ट्यूनिंग बॉक्स असतो. बॉक्स बूस्टच्या सिग्नलमध्ये खोट घालतो : खरा दाब १९५ किलोपास्कल, ईसीयूला दाखवला १६५. लॅम्डा सेन्सर पेट्रोल काही प्रमाणात सावरून घेतो. ठिणगी मात्र १६५ च्या खान्यातली, म्हणजे जास्त आधी पडते. शिवाय १.२ लीटरच्या या गाडीतल्या डीक्यू२०० गिअरबॉक्सची मर्यादा २५० न्यूटनमीटर आहे आणि इंजिनाचा मूळ टॉर्क १७५. वाढीला जागा आहे, पण मोजूनमापून.

अशा गाडीला योग्य पर्याय म्हणजे मूळ ईसीयूचं रीमॅप, म्हणजे त्यातलेच तक्ते बदलणं. त्यातली सर्वांत सफाईदार लबाडी म्हणजे फक्त पेडलचा तक्ता बदलणे. अर्धा पेडल दाबला की थ्रॉटल पूर्ण उघडतं, गाडी हलकी वाटते, मालक खूश. ताकद एका हॉर्सपॉवरनेही वाढलेली नसते. हे पकडायला रीमॅपच्या आधी आणि नंतर ओबीडी ॲडॅप्टरने लॉग घ्या : तिसरा गिअर, २,००० ते ६,००० आरपीएम, पूर्ण पेडल, मॅनिफोल्डचा दाब आणि टायमिंग. सार्वजनिक रस्त्यावर नको, डायनोवर (ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) घ्या. दोन्ही लॉग एकसारखे असतील तर बूस्टचे आणि टायमिंगचे तक्ते बदललेलेच नाहीत. मूळ फाइल वाचून तिची प्रत तुमच्याकडे द्यायला सांगा. जो ती देत नाही त्याच्याकडे गाडी देऊ नका.

डायनोचा कागदही तपासता येतो. न्यूटनमीटर गुणिले आरपीएम भागिले ७,१२१ म्हणजे बीएचपी. कागदावर ४,००० आरपीएमला २४० न्यूटनमीटर असेल तर तिथे १३५ बीएचपी असायला हवी. तिथे १६० छापलेली असेल तर कागद बनावट आहे किंवा दोन रेषा दोन वेगळ्या गाड्यांच्या आहेत. आधीचा आणि नंतरचा रन त्याच दिवशी, त्याच गिअरमध्ये आणि त्याच करेक्शनवर (हवामानानुसार आकड्यात केलेल्या दुरुस्तीवर) घेतलाय ना, तेही बघा.

फसल्यावर बहुतेक जण गप्प बसतात, कारण विकणारा मोटार वाहन कायद्यातल्या, गाडीतल्या बदलांविषयीच्या कलम ५२ चा धाक घालतो : "तुमचीच गाडी बेकायदा". इंजिनात बदल हा कायद्याचा प्रश्न आहेच, इन्शुरन्सवरही त्याचा परिणाम होतो, आणि ते बदल करण्याआधीच समजून घ्यायला हवं. पण त्याने नकली माल विकणं कायदेशीर होत नाही. पैसे ऑनलाइन देऊन माल आलाच नसेल तर त्याच दिवशी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा, रक्कम गोठवता येते ती सुरुवातीच्या तासांतच. माल नकली निघाला तर ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोग. व्यवहार पाच लाखांपर्यंतचा असेल तर तक्रारीला शुल्क नाही, मुदत दोन वर्षं. बिल नसेल तर यूपीआयची नोंद आणि जाहिरातीचे, चॅटचे स्क्रीनशॉट जपा. डिव्हाइस मॅनेजरचा फोटो घ्या, बोर्डाचे दोन्ही बाजूंनी फोटो घ्या, मॅपची फाइल कॉपी करून ठेवा. आणि "चेक करून परत देतो" म्हणून विकणारा डबा मागायला आला तर लेखी पावतीशिवाय तो हातातून सोडू नका.