एस्टीमचा रिग्राइंड कॅम, सात महिन्यांनंतर (आणि टॅपेटचं रडगाणं)

मारुती एस्टीम एमपीएफआयच्या (इंजेक्शनवाल्या) जी१३बीबी इंजिनात रिग्राइंड कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, त्याचे उंचवटे म्हणजे लोब नव्याने घासलेले), ४-२-१ हेडर (चार एक्झॉस्ट नळ्या दोनात, मग एकात) आणि कोन फिल्टर (शंकूसारखा उघडा एअर फिल्टर) बसून सात महिने झाले. पहिल्या दोन महिन्यांत मत एकच होतं: पैसे पाण्यात.

३००० आरपीएमच्या खाली पिकअप मेला होता. मोठ्या कॅममध्ये इनटेक व्हॉल्व्ह उशिरा मिटतो, त्यामुळे कमी आरपीएमला पिस्टन वर येताना आत आलेली हवा परत मॅनिफोल्डात ढकलतो. कमाई सगळी वर. मूळ इंजिन ६०००ला ८५ अश्वशक्ती देतं, म्हणजे तिथे टॉर्क साधारण १०१ न्यूटन मीटर. तोच टॉर्क कॅमने ६५००पर्यंत टिकवला की ९२ झाले. टॉर्क तसूभरही वाढलेला नसतो. आता सिग्नल ते सिग्नल ६५००ला कोण नेतं?

पण अर्धा दोष कॅमचा नव्हताच. ग्राइंडिंगवाल्याने टायमिंग बेल्ट बसवायला ‘खुणेला खूण लावा’ एवढंच सांगितलं होतं. हेड (सिलिंडरवरचं झाकण, कॅम यातच बसतो) पूर्वी फेसिंग केलेलं, म्हणजे तळ घासून सपाट केलेला. हेड खाली आलं की बेल्टचा ताण घेताना कॅम मागे पडतो. डायल गेज लावल्यावर इनटेक लोबचा मध्य ११० ऐवजी ११४ अंशांवर निघाला. बेल्टचा एक दात सरकवणं हे फार ढोबळ माप. अ‍ॅडजस्टेबल पुलीच लागते. कॅमची पुली क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरते, म्हणून पुलीवर २ अंश पुढे म्हणजे क्रँकवर ४. एवढ्यावर घाटात तिसरा गिअर पुन्हा ओढू लागला. पुलीचे पैसे आधीच धरा, आणि कॅम पुढे घेतल्यावर इनटेक व्हॉल्व्ह-पिस्टनमधलं अंतर क्ले लावून मोजा. २ मिमीच्या खाली नको.

आता टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि रॉकर (कॅमचा धक्का व्हॉल्व्हला देणारा आर्म) यांच्यातली फट. रिग्राइंडमध्ये लोबची पाठ घासून लिफ्ट (व्हॉल्व्ह उघडण्याची उंची) काढतात. पाठ गेली तेवढा रॉकरचा स्क्रू व्हॉल्व्हच्या दिशेने जास्त बाहेर काढावा लागतो आणि त्याचं टोक व्हॉल्व्हच्या मधोमध न बसता कडेला जातं. मग गाइड (व्हॉल्व्ह ज्या नळीत सरकतो ती) एका बाजूने झिजतं. व्हॉल्व्हच्या डोक्यावर मार्करची शाई लावा, इंजिन हाताने दोन फेरे फिरवा, पुसलेली रेघ कुठे आहे बघा. कडेला असेल तर तो कॅम परत करा, भाव कितीही चांगला असो. जुने रॉकर तसेच लावू नका. रॉकरच्या पॅडला (लोबवर घासणाऱ्या भागाला) खळगा असेल तर फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) खळग्यावर पूल होऊन बसतं, गेज ०.१५ मिमी दाखवतं, खरी फट जास्त असते. आवाज येतो, लोब खाल्ला जातो, आणि मेकॅनिक म्हणतो ‘स्पोर्ट कॅम आहे, वाजणारच’. नाही वाजत.

एसी लावला की आयडल अजून डुगडुगतं. ओव्हरलॅपमुळे (इनटेक-एक्झॉस्ट व्हॉल्व्ह थोडा वेळ एकत्र उघडे राहतात) व्हॅक्यूम कमी, मॅप सेन्सरला (मॅनिफोल्डातला दाब मोजणारा) वाटतं इंजिनावर लोड आहे, इसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) पेट्रोल ओततो. इसीयूच्या रिमॅपशिवाय (प्रोग्रॅम बदलल्याशिवाय) हे जात नाही. कोन फिल्टर बॉनेटखालची गरम हवा ओढत होता. मूळ एअरबॉक्स परत लावला. हेडर चांगलं, तक्रार नाही.

सध्या दर ५००० किलोमीटरला टॅपेट तपासतो, इंजिन पूर्ण थंड असताना. तिसऱ्या सिलिंडरच्या एक्झॉस्टची फट दोनदा कमी भरली आहे, म्हणजे व्हॉल्व्ह सीटमध्ये रुततोय. तिसऱ्यांदा भरली तर हेड खाली उतरणार.